ती पाच फूट आठ, मग तो किती?

२०२५च्या मे महिन्याच्या अखेरीस टिंडर या डेटिंग अ‍ॅपने पैसे भरणाऱ्या काही सदस्यांसाठी जोडीदाराची उंची निवडायची सोय चाचणीपुरती सुरू केली आणि एकच गहजब उडाला. बुटक्या पुरुषांवर अन्याय, बायकांना फक्त सहाफुटीच हवेत, वगैरे वगैरे. मुंबईतल्या मराठी घरांना यात नवीन काय ते कळलं नसेल. दादरच्या कुठल्याही वधू-वर सूचक मंडळाचा फॉर्म काढून बघा. नाव, गोत्र, रास, नक्षत्र, आणि मग उंची, वर्ण, चष्मा आहे किंवा नाही. तळाशी ‘अपेक्षा’ या मथळ्याखाली दोन ओळी मोकळ्या. मुलीच्या बाजूने तिथे बहुतेक वेळा असंच काहीसं लिहिलेलं सापडतं: ‘अनुरूप, किमान ५ फूट ७ इंच, मुंबई-ठाण्यात स्वतःचं घर.’

या फॉर्मच्या वरच्या भागाचा तळाच्या दोन ओळींशी काही संबंध असतो का? म्हणजे मुलीची उंची, बांधा, चेहरा यांवरून तिला कसा नवरा आवडेल ते ठरतं का? रील्समधले डेटिंग गुरू छातीठोकपणे ‘हो’ म्हणतात आणि वर ‘विज्ञानाने सिद्ध झालंय’ अशी फोडणी देतात. या विषयावर काही दशकं खरंच संशोधन झालं आहे. त्यातलं काही टिकलं, काही गळून पडलं. टिकलेलं रील्समधल्या दाव्यांपेक्षा बरंच साधं आहे आणि, मला विचाराल तर, जास्त मजेशीरही.

आधी प्रश्न नीट मांडू

‘बायकांना कसे पुरुष आवडतात?’ हा वेगळा प्रश्न. त्यावर डेव्हिड बस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९८९चा गाजलेला अभ्यास आहे. ३७ समाजगटांतल्या १०,०४७ जणांना विचारल्यावर असं दिसलं की जोडीदाराच्या कमाईला बायका पुरुषांपेक्षा सरासरीने जास्त महत्त्व देतात. पण ही झाली सगळ्या बायकांची मिळून सरासरी. आपल्याला त्या सरासरीच्या पोटात शिरायचं आहे. एक बाई उंच, दुसरी ठेंगणी. एकीला सगळे देखणी म्हणतात, दुसरीला चारचौघींसारखी. या दोघींच्या पसंतीत फरक पडतो का, आणि पडत असेल तर का?

आणखी एक खबरदारी घ्यायला हवी. फोटो दाखवून ‘यातला कोण आवडला?’ विचारणं ही आवड. समोर बसलेल्या माणसाला पुन्हा भेटायला हो म्हणणं ही निवड. आणि लग्न हे तिसरंच प्रकरण, कारण त्यात समोरच्याचं हो, दोन्हीकडचे आईवडील, पत्रिका आणि हॉलची तारीख असं सगळं येतं. बातम्यांमध्ये या तिघांची खिचडी होते आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो.

पुढे एक तांत्रिक शब्द लागेल: सहसंबंध. दोन गोष्टी किती बरोबरीने कमी-जास्त होतात हे सांगणारा तो आकडा. शून्य म्हणजे काही देणंघेणं नाही. एक म्हणजे पहिल्या गोष्टीवरून दुसरी अचूक सांगता येते.

उंची: पट्टी स्वतःच्या डोक्यापासून सुरू होते

शरीराच्या सगळ्या गुणांमध्ये उंचीबद्दलचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, कारण उंची मोजता येते आणि तिच्याबद्दल फार थापा मारता येत नाहीत (प्रोफाइलवर मारतात, तो भाग वेगळा). कार्ल पिअर्सन आणि अ‍ॅलिस ली यांनी १९०३ सालीच इंग्लंडमधल्या सुमारे हजार नवरा-बायकोंची मापं तपासून सहसंबंध काढला, तो ०.२८च्या आसपास आला. २०१७मध्ये असे कितीतरी अभ्यास एकत्र करून हिशेब केला तेव्हा आकडा ०.२३ निघाला. म्हणजे उंच बायकांचे नवरे सरासरीने थोडे जास्त उंच असतात, पण हा ‘थोडे’ ठळक अक्षरांत वाचा. ०.२३च्या भरवशावर कुणा एकीच्या नवऱ्याची उंची सांगायला गेलात तर तोंडावर आपटाल.

हे झालं लग्नाबद्दल. आवडीबद्दलचा महत्त्वाचा अभ्यास बोगुस्लाव पाव्लोव्स्की यांनी २००३मध्ये पोलंडमध्ये केला. स्त्री-पुरुषाच्या उंचीत कमी-जास्त फरक असलेल्या जोडप्यांची चित्रं दाखवून त्यांनी विचारलं, कुठली जोडी चांगली वाटते? ठेंगण्या बायकांना जास्त फरक आवडला, उंच बायकांना कमी. पुरुषांचीही आवड त्यांच्या स्वतःच्या उंचीप्रमाणे सरकली. उदाहरणच द्यायचं तर पाच फुटी मुलीला पाच-सातचा मुलगा छान वाटेल. पण पाच-आठची मुलगी तोच सात इंचांचा फरक मागत बसली तर तिला सव्वासहा फुटी नवरा शोधावा लागेल. तो मिळायचा कुठून? त्यामुळे तिची आवडच आपसूक एक-दोन इंचांच्या फरकावर येऊन थांबते. पाव्लोव्स्की यांचं स्पष्टीकरणही तेच: अशी लवचिक आवड असली की निवडायला जास्त माणसं उरतात.

म्हणजे स्वतःची उंची बघून आवड ठरते हे खरं. पण ती ‘उंच मुलीला आणखी उंच हवा’ अशी सरळ रेषेत धावत नाही. उंच मुलगी इंचांच्या फरकात तडजोड करते, फक्त ‘नवरा बायकोपेक्षा उंच’ या एका नियमाला सहसा हात लावत नाही.

हा नियम किती कडक आहे ते १९८०च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसतं. गिलिस आणि एव्हिस या संशोधकांनी बँक खात्यांच्या अर्जांवरून ७२० जोडप्यांच्या उंच्या पाहिल्या. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या असत्या तर शंभरात दोन बायका नवऱ्यापेक्षा उंच निघाल्या असत्या, म्हणजे ७२०मध्ये चौदाएक. प्रत्यक्षात निघाली एक.

मग हा निसर्गनियम म्हणायचा का? टांझानियातल्या हाड्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांमध्ये रिबेका सिअर आणि फ्रँक मार्लो यांनी हेच तपासलं. २००९ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षात शंभरातल्या सुमारे आठ जोडप्यांत बायको उंच होती, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यावर यावं तेवढंच. हाड्झा लोक लग्न ठरवताना उंचीची फिकीर करत नाहीत. नियम आहे, पण तो सगळ्या मनुष्यजातीचा नाही.

आपल्याकडे बायकांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, पुरुषांची १६५च्या. ढोबळ हिशेबाने, निव्वळ योगायोगाने जोड्या लागल्या तर शंभरात सहा-सात बायका नवऱ्यापेक्षा उंच असायला हव्यात. तुमच्या नात्यातली आणि बिल्डिंगमधली जोडपी आठवून बघा, तेवढ्या सापडतात का.

सापडत नसतील तर त्याचं कारण मुलींच्या मनात किती आणि मनाबाहेर किती, हे वधू-वर मेळाव्यात कान देऊन बसलं तर कळतं. तिथला संवाद साधारण असा चालतो:

‘आई, पाच-सातचा चालेल मला.’

‘तुला चालेल गं. स्टेजवर कसं दिसेल?’

‘मी चपला घालीन ना.’

‘आणि त्याच्या आईला चालेल?’

संशोधक यातलं पहिलं वाक्य मोजतात. फॉर्मवर छापलं जातं ते आईचं. आणि आईचंही अगदीच चूक नाही, कारण आपला सगळा समारंभच त्या फरकावर बेतलेला आहे. हार घालायची वेळ आली की मित्र नवरदेवाला उचलून धरतात, नवरी टाचा उंचावते, तिचा मामा तिला उचलायला धावतो, हॉलभर हशा पिकतो. नवरीच दोन इंचांनी उंच असेल तर या गमतीचं काय करायचं ते कुणालाच सुचत नाही.

देखणेपण: वेगळं नाही, जास्त

आता चेहरा आणि बांधा. इथे पुरावा उंचीइतका पक्का नाही, पण कल्पना समजून घेण्यासारखी आहे.

१९९३मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या देवेंद्र सिंह यांनी कंबरेच्या घेराला नितंबांच्या घेराने भागून येणारा आकडा चर्चेत आणला. तो ०.७च्या आसपास असलेली बायकांची चित्रं पुरुषांना जास्त आकर्षक वाटतात, असं त्यांचं म्हणणं. पुढे ब्रिटनमधल्या संशोधकांनी प्रश्न उलटा केला: हा आकडा कमी असलेल्या बायकांना स्वतःला कोण आवडतं? संगणकावर एकच पुरुषी चेहरा थोडा राकट आणि थोडा कोवळा करून दाखवला. राकट म्हणजे रुंद जबडा, दाट आणि खाली उतरलेल्या भुवया. २००३च्या या अभ्यासात इतरांनी आकर्षक ठरवलेल्या आणि तो आकडा कमी असलेल्या बायकांचा कल राकट चेहऱ्याकडे जास्त निघाला. त्याआधी २००१मध्ये अँथनी लिटल आणि सहकाऱ्यांना असं दिसलं होतं की स्वतःला आकर्षक समजणाऱ्या बायकांना राकट आणि दोन्ही बाजू सारख्या असलेले चेहरे जास्त आवडतात.

२००८मध्ये बस आणि शॅकलफर्ड यांनी १०७ विवाहित जोडप्यांचा अभ्यास मांडला. मुलाखत घेणाऱ्यांनी ज्या बायकांना जास्त देखण्या ठरवलं, त्यांच्या अपेक्षा एकाच बाबतीत नाही, सगळ्याच बाबतीत वरच्या होत्या: रूप, कमाई, घर-मुलांची ओढ, प्रेमळपणा.

हे समजायला मुंबईत घर शोधणाऱ्या माणसाकडे बघावं. पार्किंग, दोन बाजूंनी वारा, स्टेशन पाच मिनिटांवर, जमल्यास खिडकीतून समुद्र, हे सगळ्यांनाच आवडतं. पण दलालापुढे बसल्यावर प्रत्येक जण वेगळं मागतो, कारण डिपॉझिट वेगवेगळं असतं. ज्याच्याकडे कमी आहे तो पार्किंग सोडतो, मग वारा सोडतो, शेवटी स्टेशनही सोडून रिक्षाच्या अंतरावर जातो. त्याची आवड बदललेली नसते, मागणी बदललेली असते. देखण्या बाईच्या अपेक्षांचं बरंचसं असंच आहे. तिला काही निराळं आवडतं असं नाही. तिला कमी गोष्टी सोडाव्या लागतात.

म्युनिकमध्ये झालेल्या स्पीड डेटिंगच्या एका अभ्यासानेही याला दुजोरा दिला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४६ माणसं एकमेकांशी काही मिनिटं बोलून हो-नाही कळवत होती. ज्या बायका स्वतःला जास्त आकर्षक समजत होत्या, त्यांनी एकंदरीत वरचढ पुरुषांना हो म्हटलं.

‘समजत होत्या’ या शब्दांवर जरा थांबू, कारण सगळी मेख तिथे आहे. लिटल यांनीच एका सहकाऱ्याबरोबर २००६मध्ये एक हुशार प्रयोग केला. काही बायकांना आधी अतिशय सुंदर बायकांचे फोटो दाखवले, काहींना साधारण दिसणाऱ्या बायकांचे. सुंदर चेहरे पाहिलेल्यांनी स्वतःला कमी गुण दिले आणि त्यांची राकट चेहऱ्यांची ओढही कमी झाली. काही मिनिटांत कुणाचा जबडा किंवा कंबर बदलली नव्हती. बदललं होतं ते ‘आपण कितीशा?’ या प्रश्नाचं उत्तर. शरीर थेट आवड ठरवत असतं तर हे व्हायला नको होतं. आता विरार लोकलमध्ये अर्धा तास इन्स्टाग्राम चाळणाऱ्या मुलीच्या मनात काय होत असेल याचा अंदाज बांधा. तो प्रयोग तिच्यावर रोज होतो, आणि तिला कुणी विचारलेलंही नसतं.

पाळीच्या चक्राचं प्रकरण

रील्समधला सर्वांत लाडका दावा हा: बीजांड बाहेर पडायच्या दिवसांत बायकांना राकट पुरुष आवडतात, बाकीचे दिवस सज्जन. १९९९मध्ये ‘नेचर’ या नामांकित नियतकालिकात तसा निबंध आला होता आणि पुढची पंधरा वर्षं ही कल्पना डोक्यावर घेतली गेली. २०१४मध्ये दोन गटांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र केले; एक म्हणाला परिणाम आहे, दुसरा म्हणाला नाही. मग २०१८मध्ये बेनेडिक्ट जोन्स आणि सहकाऱ्यांनी ५८४ बायकांची लाळ तपासून प्रत्यक्ष संप्रेरकं मोजली आणि त्याच बायकांची पसंती पुन्हा पुन्हा विचारली. चेहऱ्याच्या पसंतीचा संप्रेरकांच्या चढउताराशी पटण्याजोगा संबंध सापडला नाही. आधीच्या पुष्कळ अभ्यासांत बायकांची संख्या फार कमी होती आणि चक्राचा दिवस नुसत्या अंदाजाने धरला होता. तेव्हा हा दावा कुणी फॉरवर्ड केला तर तिथेच थांबवायला हरकत नाही.

‘हे सगळं तिकडचं. आपल्याला काय लागू?’

आक्षेप रास्त आहे. २०१४मध्ये इझाबेल स्कॉट आणि सहकाऱ्यांनी १२ वेगवेगळ्या समाजांतल्या ९६२ लोकांना राकट-कोवळे चेहरे दाखवले. राकट चेहऱ्याची आवड शहरी, विकसित समाजांत जास्त दिसली. छोट्या पारंपरिक समाजांत ती कमी होती किंवा नव्हतीच. ‘आदिमानवाच्या काळापासून बायकांना असेच आवडतात’ या गोष्टीला हा मोठा धक्का आहे. ही आवड बहुधा शहराने लावलेली सवय असावी.

आपल्याकडे तर तळाच्या त्या दोन ओळी मुलगी एकटी लिहीत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘आनंदबाजार पत्रिका’ या बंगाली दैनिकातल्या लग्नाच्या जाहिरातींचा अभ्यास २०१३मध्ये मांडला. मुलीकडचे लोक आपल्याच जातीतला मुलगा मिळावा म्हणून किती सोडायला तयार होते? अशिक्षित आणि पदव्युत्तर यांच्यात जेवढं अंतर आहे, जवळपास तेवढं. जिथे जातीचं वजन एवढं आहे, तिथे जबड्याची रुंदी मोजून काय मिळणार? मुंबईत छापील जाहिरातीची जागा साइट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पीडीएफने घेतली, पण मराठी विवाह मंडळांची नावं वाचली तरी पोटजातीपर्यंतची विभागणी समोर येते.

वर्णाचंही तसंच. त्या बंगाली जाहिरातींत गोऱ्या मुलींना मागणी जास्त दिसली, आणि आपल्याकडे चित्र वेगळं असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही. २०२० साली शादी डॉट कॉमने, ही कंपनी मुंबईचीच, त्वचेच्या रंगाचा फिल्टर टीकेनंतर काढून टाकला. त्याच सुमारास हिंदुस्तान युनिलिव्हरने, तीही मुंबईची, ‘फेअर अँड लव्हली’चं नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केलं. बायोडेटातले ‘गव्हाळ’ आणि ‘निमगोरी’ मात्र जागचे हलले नाहीत. सावळ्या मुलीचे वडील ‘विशेष अपेक्षा नाहीत’ असं लिहितात तेव्हा ती मुलीची आवड नसते. समाजाने तिच्या खात्यात कमी डिपॉझिट दाखवलं आणि घरच्यांनी ते मान्य केलं, एवढाच त्याचा अर्थ. कुणी उद्या पाहणी करून ‘सावळ्या मुलींना साधे मुलगे आवडतात’ असा निष्कर्ष काढला तर तो आकड्यांनी बरोबर आणि अर्थाने साफ चुकीचा असेल.

‘म्हणजे मुली हिशेबी असतात?’

मुलगे असतात तेवढ्याच. न्यू यॉर्क, बॉस्टन, शिकागो आणि सिअ‍ॅटल इथल्या डेटिंग साइटवर कोण कुणाला पहिला मेसेज पाठवतं हे एलिझाबेथ ब्रूक आणि मार्क न्यूमन यांनी तपासलं. २०१८च्या त्यांच्या निबंधाप्रमाणे स्त्री असो वा पुरुष, दोघंही आपल्यापेक्षा साधारण २५ टक्के वरच्या माणसाकडे हात पसरतात. आपली पायरी ओळखतात आणि एक पायरी वर बघतात.

शिवाय हिशेब कागदावर राहतो. ईस्टविक आणि फिंकेल यांनी २००८मध्ये स्पीड डेटिंगला आलेल्यांना आधी अपेक्षा विचारल्या, मग प्रत्यक्ष कोण आवडलं ते बघितलं. आधीच्या यादीवरून नंतरची पसंती सांगता आली नाही. चहा-पोह्यांच्या कार्यक्रमाला बसलेल्या कुठल्याही मावशीला हे ठाऊक असतं. ‘फोटोत नको म्हणत होती आणि आता तासभर गॅलरीत बोलतेय’ ही तक्रार नवीन नाही.

मग उंचीचा फिल्टर लावावा का?

लावण्याआधी किती माणसं उरतात ते बघावं. भारतीय पुरुषांची सरासरी १६५ सेंटिमीटर धरून केलेला हा माझा ढोबळ हिशेब. शहरातल्या खात्यापित्या घरांतली तरुण मुलं सरासरीपेक्षा उंच असतात, त्यामुळे आकडे तिथे थोडे वाढतील. ५ फूट ७ इंचांची अट घातली की पाचातला एक मुलगा उरतो. ५ फूट १० इंच म्हटलं की शंभरातले दोन-तीन. सहा फूट म्हटलं की हजारातले तीन. त्यानंतर पोटजात, वय, ठाण्यातला टू बीएचके आणि पत्रिका या चाळण्या अजून लागायच्याच असतात.

पाच-आठच्या मुलीने ‘माझ्यापेक्षा उंच’ एवढंच मागितलं तर शंभरातले बाराएक उरतात. ‘दोन इंच कमी असला तरी चालेल’ म्हटलं की तेच चौतीसच्या आसपास जातात. मात्र साइटवर मुलांकडूनही फिल्टर लागतो. पाच-सहाच्या मुलाने किंवा त्याच्या आईने ‘मुलगी ५ फूट ४ इंचांपर्यंत’ असं एकदा भरून ठेवलं की हिने दिलेली सूट त्यांच्या स्क्रीनवर पोचतच नाही. त्यामुळे उंच मुलीने सूट दिली असेल तर समोरून मेसेज यायची वाट न बघता पहिला मेसेज तिनेच टाकलेला बरा.